काजूच्या मेजावर मालिका पास होत नाही

आमच्या काजूच्या युनिटमध्ये संध्याकाळपर्यंत दोन गोष्टींचा ढीग होतो. एक काजूगराच्या लाल सालींचा, दुसरा किश्शांचा. साली निदान पोत्यात भरून बाहेर जातात. किस्से तिथेच राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर नवे पडतात.

मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे. शाळा दहावीला सुटली, निदान लिहिणं सुटू नये म्हणून धरलेली. त्यामुळे मेजावर कोणी काही खास बोललं की लगेच दुसरी ओरडते, "जपून बोल गो, शालू लिवन ठेवता हा!" मग पहिली मुद्दाम आणखी मोठ्याने बोलते!

आमचं युनिट कट्टा गावच्या बाजारापासून जवळच आहे. लांबलचक मेज, दोन्ही बाजूंना बायका. त्या काजूगराची साल काढतात आणि मी टोकाला बसून प्रतवारी करते. अख्खा गर वेगळा, दुभंगलेली पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. हात गुंतलेले असतात, त्यामुळे तोंडं मोकळी. आणि तोंडांना विषय एकच, काल संध्याकाळची मालिका.

लोकांना वाटतं, बायका मालिका बघतात आणि रडतात. त्यांनी एकदा आमच्या मेजावर यावं. आम्ही मालिका बघतो ती बाजारात मासे बघतो तशी, कल्ले उघडून!

आणि सगळ्यांत आधी कल्ल्याला हात घालते ती आनंदीवयनी. ती माझ्या समोरच बसते. नवरा लवकर गेला, एकटीने मुलीला शिकवलं. मुलगी सायली मुंबईत बँकेत. "सायली बँकेत आसा," हे वाक्य ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवतेच. नोकरी लागली तेव्हा अख्ख्या वाडीला पेढे वाटले होते. बाकी गोड बोलणं तिच्या स्वभावात नाही. मालिका लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

*

एकदा मालिकेत नायिका दाराआड उभी राहून खलनायिकेचं सगळं कारस्थान ऐकते, असा प्रसंग होता. आमच्यातली करिष्मा नवी नवरी, कुणकेश्वरहून लग्न होऊन आलेली. तिचा तर श्वासच अडकला होता.

"आता सगळा कळतला तिका!" ती म्हणाली.

आनंदीवयनीने हातातला गर खाली ठेवला. "दाराआड कित्याक उभी रवक व्हयी? आमच्या वाडीत सकाळी चुलीकडे बोललेला दुपारी तिठ्यार ऐकूक येता. ह्यांच्या घरात इतकी माणसां, आणि एकाकय म्हायती नाय?"

"बंगलो मोठो आसा गो त्येंचो," सुलुआजी म्हणाल्या. सुलुआजी म्हणजे मेजावरच्या सगळ्यांत वयस्क. त्या कुणाचीही बाजू घेतात, मालिकेतल्या खलनायिकेची सुद्धा.

"बंगलो मोठो म्हणान नाय, आजी. लिवणारो फ्लॅटात रवता आसतलो. शेजारीच नसतले बिचाऱ्याक!"

*

दुसरा किस्सा कावळ्याचा.

एका मालिकेत नायकाचा अपघात झाला, तो गेला. दहाव्याला पिंड ठेवला, कावळा झटकन येऊन शिवला. आम्ही सगळ्या हळहळलो. पुढे दोन-तीन महिन्यांनी नायक परत आला! चेहरा नवा, कारण नट बदलला होता. पण गोष्टीत सांगितलं की चेहऱ्याचं ऑपरेशन झालं आणि मेला होता तो दुसराच कोणी.

करिष्मा खूश. आनंदीवयनी म्हणाली, "थांब. मगे कावळो कित्याक शिवलो?"

सगळ्यांनी सुलुआजींकडे बघितलं.

"आमचे हे गेले तेवा कावळो दुपारपर्यंत शिवाक नाय," सुलुआजी म्हणाल्या. "सगळ्यांनी सांगून बघितला. शेवटाक थोरल्यान हात जोडून सांगल्यान, 'बाबा, गोठ्यातलो पाडो विकूचो नाय.' तेवा शिवलो. कावळो खोटा बोलना नाय गो."

"मगे?" करिष्माने घाबरून विचारलं.

"मगे काय? तो गेलो तो गेलोच. ह्यो इलो तो कोणतरी दुसरोच!" सुलुआजींनी निकाल दिला.

झालं! तिथून पुढे मालिका संपेपर्यंत आमच्या मेजावर तो माणूस तोतयाच राहिला. टीव्हीवर तो बायकोला मोदक भरवतोय, गाणं लागलंय, फुलं पडताहेत, आणि दुसऱ्या दिवशी इकडे आनंदीवयनी म्हणतेय, "दुसऱ्याच्या बायलेक मोदक भरवता, शिरा पडो तेच्या तोंडार!" शेवटच्या भागात सगळं घर एकत्र आलं, फोटो निघाला. करिष्मा म्हणाली, "गोड शेवट केल्यानी."

सुलुआजींनी सुस्कारा सोडला. "गोड खंयचो! त्या बाईक अजून म्हायतीच नाय."

*

आमचे मालक बाळाभाई. माणूस चांगला, पण एकदा त्यांच्या डोक्यात आलं की मालिकेच्या गप्पांमुळे काजू फुटतात. सस्पेन्स आला की बोटं दाबली जातात, गराची पाकळी होते. त्यात खोटं काही नव्हतं, प्रतवारी मीच करते. त्यांनी फर्मान काढलं, "उद्यापासून मेजार मालिका बंद!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या गप्प. संध्याकाळी बघितलं तर पाकळी आणखी वाढलेली. बाळाभाई माझ्यासमोर ट्रे घेऊन उभे. "ह्या कसा काय?"

मी सांगितलं, "भाई, आज सगळ्यांनी रागान सोलले."

तिसऱ्या दिवशी सकाळी तेच मेजाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "काय गो, काल काय झाला त्या नथीचा?"

*

ही नथ म्हणजे एका मालिकेत चोरीला गेलेली देवीची नथ. आळ थोरल्या सुनेवर. चोर कोण, ते त्या दिवशीच्या भागात कळणार होतं. आणि नेमकी त्याच संध्याकाळी माडाची झावळी तारेवर पडली. तीन वाड्या काळोखात!

आमच्याकडे रीत अशी की ज्या वाडीत लाईट गेली असेल, तिथल्या बायकांना दुसऱ्या वाडीतल्यांनी एपिसोड सांगायचा. दुसऱ्या दिवशी सांगणार कोण? सगळ्यांची तोंडं उतरलेली.

"माका म्हायती आसा," सुलुआजी म्हणाल्या.

"तुमच्याकडे लाईट होती?"

"लाईट होती म्हणान मी कधी म्हटलंय?"

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. नथ कोणीच चोरली नव्हती म्हणे. सासऱ्यानेच लपवून ठेवली होती. दर वर्षी देवीला ती नथ सासू घालायची, आपल्या हाताने. ती गेली. आता दुसऱ्या कुणाच्या हातात ती नथ त्याला बघवत नव्हती. सुनेवर आळ आला तेव्हा तो बोलायला उठला, पण बायकोचं नाव तोंडात आलं आणि आवाजच फुटेना. मग त्याने खिशातून नथ काढली, सुनेच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "घाल तू. पण सरळ घालू नको, ती जरा वाकडी घालायची."

मेजावर एकाही बाईचा हात हलत नव्हता. पोत्यांच्या आड बाळाभाई मोजमाप करत होते, तेही आकडा विसरून ऐकत होते.

दुपारी करिष्माने मोबाईलवर खरा एपिसोड लावला. नथ खलनायिकेने तांदळाच्या डब्यात लपवलेली! आणि ते कळल्यावर सगळे जण पाळीपाळीने एकमेकांकडे बघतात, प्रत्येकाच्या तोंडावर तीनदा कॅमेरा.

"चुकलो!" आनंदीवयनी ओरडली. "एपिसोड चुकलो!"

बाळाभाई पोत्यांच्या मागून पुढे आले. "मगे त्या नथीचा पुढे काय झाला?"

"खंयची सांगू भाई, टीव्हीतली काय आजीची?"

"आजीची गो! टीव्हीतली घेवन काय करू?"

*

एकदा मुंबईहून एक मुलगी आली. टीव्हीवाल्यांसाठी गावोगावच्या बायकांची मतं गोळा करायचं तिचं काम. हसरी, बोलकी मुलगी. आमच्या मेजाचा नियम असा की रिकाम्या हाताने कोणी बसायचं नाही. तिच्याही पुढ्यात ट्रे ठेवला. ती बिचारी सोलत सोलत विचारू लागली.

"आजी, नायिकेची होणारी घुसमट तुम्हाला आपली वाटते का?"

सुलुआजी म्हणाल्या, "तिका दिवसभर सोफ्यार बसाक गावता बाय. माका घुसमटाक वेळ खंय गावता?"

मग आनंदीवयनी सुटली. कुठल्या मालिकेत काय काय चुकलं, कोण कुठून आला, कोणाला मूल किती महिन्यांनी झालं, ढीगभर सांगितलं. ती मुलगी शेवटी हात जोडून म्हणाली, "काकी, इतकं वाईट लिहिलेलं असतं, तर मग तुम्ही बघता कशाला?"

आनंदीवयनीने मान वर केली नाही. म्हणाली, "शेजारणीकडे काय चाललाहा ता बघूक शेजारीण शानी आसाक लागता काय?"

ती मुलगी इतकी हसली की ट्रे कलंडला. तिने सोललेला एकही काजू अख्खा नव्हता. जाताना तोच सगळा तुकडा पुडीत बांधून तिला भेट दिला!

*

इथपर्यंतचे किस्से हसण्याचे. पुढच्यात आमचं हसू काही दिवस बंद पडलं.

त्यानंतर काही महिन्यांनी आठच्या मालिकेत एक मावशी म्हणाली, "शेजारणीकडे काय चाललंय ते बघायला शेजारीण शहाणी असावी लागते का?"

दुसऱ्या दिवशी युनिटमध्ये नुसता कल्ला.

"चोरल्यान! आमच्या मेजारचा वाक्य चोरल्यान!"

संशय त्या मुंबईच्या मुलीवर. बाळाभाईंकडे तिचा नंबर होता. त्यांनी लावला, स्पीकर चालू केला. ती मुलगी शपथा घ्यायला लागली. "अहो, मी फक्त टक्केवारी पाठवते! वाक्यं कोणी मागतच नाही!"

फोन ठेवला. तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांत जास्त ओरडायला हवी होती ती आनंदीवयनी गप्प आहे.

"त्या दिवशी ह्या वाक्य मी आणखी एकाक सांगलेलंय," ती म्हणाली.

"कोणाक?"

"सायलीक."

तिने तिथेच मेजावरून फोन लावला, स्पीकरवरच. सायलीने आधी इकडचं तिकडचं केलं, मग रडायलाच लागली. बँक सोडून तिला कितीतरी महिने झाले होते. आठच्या मालिकेच्या लेखकाच्या हाताखाली ती संवाद लिहायला मदत करत होती. आणि आता त्यांनी एक अख्खा आठवडा तिच्या एकटीवर सोपवला होता. जमलं तर कायम ठेवणार, नाही जमलं तर नमस्कार.

"बँक सोडलंस?" आनंदीवयनी म्हणाली. "आणि करतंस काय, तर मालिका लिवतंस?"

"आई, तूच तर म्हणतंस, कोणाक लिवक येणा नाय..."

"म्हणान तू लिवतलंस? मालिका लिवणाऱ्याक लोक काय काय म्हणतत, माका म्हायती नाय काय? मीच म्हणतंय!"

कोणी हसलं नाही.

"आयक," आनंदीवयनी म्हणाली. "त्यांनी ठेवक नाय, तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसाचा. परत बँकेच्या परीक्षेक बसाचा."

"आणि ठेवल्यानी तर?"

आनंदीवयनीने फोन बंद केला. मग मेजाभोवती नजर फिरवली. "भायर कोणाक सांगू नकात. सायली बँकेत आसा." आणि माझ्याकडे वळून, "शालू, तूय लिवू नको."

*

सायलीचा आठवडा सुरू झाला. मंगळवारी सकाळी मेजावर आमच्यासारख्या सभ्य बायका जिल्ह्यात कुठे नसतील! आदल्या दिवशीच्या भागावर चकार शब्द नाही. शेवटी करिष्माला राहवेना. "बरो होतो, नाय?"

सुलुआजी म्हणाल्या, "साड्यो बऱ्यो होत्यो."

आनंदीवयनीने ट्रे आपटला. "बोला गो! माझ्या तोंडाकडे बघू नकात. दुसऱ्याच्या चेडवाक बोलतास तशी बोला."

तिच्या चेडवाला, मुलीला, आम्ही तिच्या तोंडावर काय बोलणार? आमच्या मेजावर मालिका पास झालेली कोणालाच आठवत नव्हती. आता जी नापास होणार ती आपल्याच घरची. मी प्रतवारी करत होते. आनंदीवयनीच्या ट्रेमधून अख्खा गर फारसा येत नव्हता.

बुधवारच्या भागात असं होतं की मुलगी ठरलेलं लग्न मोडून घरी येते आणि आईला सांगते. आई रडते. ब्रेकच्या आधी रडते, ब्रेकनंतरही रडते. गुरुवारी सकाळी आनंदीवयनी आली तीच अस्वस्थ. दोन गर सोलायची, दाराकडे बघायची.

"काय तां बोलान टाक," सुलुआजी म्हणाल्या.

"चुकला तिचा."

"मगे तिका सांग."

"मी बोलणंय नाय तिच्याशी."

"बोलू नको. नुसता काय चुकला ता सांग!"

ती उठली, मोबाईल घेऊन मागच्या खळ्यात गेली. आम्हाला कळू नये म्हणून लांब गेली खरी, पण आनंदीवयनी फोनवर अशी बोलते की फोन नसता तरी मुंबईला ऐकू गेलं असतं.

"त्या आवशीक रडवतंस कित्याक इतक्या?" ती म्हणत होती. "आवस रडाक लागली की चेडू बोलाचा थांबता. पुढे गोष्ट जातली खंयसून? तिका कामाक लाव. काय तरी निवडूक बसव, सोलूक बसव. हात चलत आसले की माणूस खरा बोलता. तोंडाकडे बघून कोण खरा बोलता काय?"

इकडे मेजावर आम्ही सगळ्यांनी आपापल्या हातांकडे बघितलं.

पलीकडून सायली काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण आनंदीवयनी परत आली आणि बसता बसता म्हणाली, "शेवटचो भाग अजून लिवचो आसा म्हणता. आज लिवतत आणि फाल्या दाखयतत. असा कसा ह्यांचा! भाकरीचा पीठ सुद्धा वायच मुराक ठेवतांव आपण."

*

शुक्रवारी आठ वाजता आम्ही सगळ्या आनंदीवयनीच्या घरी. बोलावलं नव्हतं कोणी. एकेक करून जमलो. बाळाभाई सुद्धा आले, दारात उभे राहिले.

पहिला भाग गेला, ब्रेक झाला, आणि तो प्रसंग आला. मालिकेतली आई सुपात तांदूळ घेऊन बसलेली. मुलगी येऊन शेजारी बसते. थोड्या वेळाने तीही निवडायला लागते. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.

"मुलगा वाईट होता?" आई विचारते.

"नाही."

"मग?"

"मला नको होता."

आई निवडत राहते. संगीत नाही, वीज कडाडत नाही, कॅमेरा कुणाच्या तोंडावर तीनदा जात नाही. मग ती म्हणते, "लग्नासाठी घेतलेली साडी उद्याच नेसून टाक. कपाटात ठेवलेली साडी विरते."

एवढंच. भाग संपला. साबणाची जाहिरात लागली.

करिष्मा तोंडाला पदर लावून बसली होती. बाळाभाई दारात नव्हते, अंगणात जाऊन उभे राहिले होते. आम्ही कोणीच टीव्हीकडे बघत नव्हतो. आनंदीवयनी मात्र ती साबणाची जाहिरात अगदी लक्ष देऊन बघत होती.

शेवटी सुलुआजींनीच विचारलं, "काय गो आनंदी? पास काय नापास?"

आनंदीवयनी उठली, टीव्ही बंद केला. पाठ आमच्याकडे.

"सूपभर तांदूळ निवडल्यान," ती म्हणाली, "आणि खडो एकय काढूक नाय."

आम्ही हसायला लागलो. ती वळली नाही.

"साडीचा बरा सांगल्यान पण," ती म्हणाली.

त्या दिवशीच्या रोजनिशीत मी एवढंच लिहिलं आहे: आमच्या मेजावर, आमच्या हातांच्या चालीवर वाढलेली एक मालिका पास झाली. मला त्या दिवशी जो अभिमान वाटला, तसा माझ्या स्वतःच्या कुठल्या गोष्टीचा वाटल्याचं आठवत नाही.

*

पुढच्याच आठवड्यात सायलीचा फोन आला. मेजावरच, स्पीकरवर. "आई, ठेवल्यानी माका!" टाळ्या, आरडाओरडा. बाळाभाईंनी भजी मागवली. आनंदीवयनी फोनवर फक्त म्हणाली, "वेळेर जेवत जा."

पण बाहेर अजून तेच. दूधवाल्याने विचारलं, बँकेत. नात्यातल्या लग्नात कुणी विचारलं, बँकेत. आम्ही सगळ्या गप्प. आपण कशाला बोलायचं? तिचं तिने सांगायचं.

मग एका बाजाराच्या दिवशी मी आणि ती कट्ट्याला मासे आणायला गेलो. तारा मासेवाली आमची नेहमीची. हात मासे कापत असतात आणि तोंड गावभर फिरत असतं. आठची मालिका तीही बघते.

"काय गो आनंदी," बांगडे साफ करता करता ताराने विचारलं, "चेडू बरा मा? बँकेत मा?"

मी शेजारच्या टोपलीतले सौंदाळे बघायला लागले.

"बँकेत नाय," आनंदीवयनी म्हणाली.

"मगे?"

"आठची मालिका बघतंस मा तू? ती लिवता."

ताराची कोयती थांबली. शेजारच्या दोघी मासेवाल्याही वळल्या. एक गिऱ्हाईक बाई सुटे पैसे हातात धरून तशीच उभी राहिली.

"ती साडीची? कपाटातली?"

"ती."

"माझे आवशी!" तारा म्हणाली. "मी माझ्या चेडवाक तसाच सांगलंय गो, नेसान टाक म्हणान!" मग ती एकदम पुढे वाकली. "मगे सांग. ती मोठी सून सोमवारी घर सोडतली काय?"

आता मला ठाऊक होतं ते सांगते. आदल्याच दिवशी आनंदीवयनीने सायलीला नेमकं हेच विचारलं होतं आणि सायलीने स्वच्छ सांगितलं होतं, "आई, भायर सांगाक परवानगी नाय. तुका सुद्धा नाय."

"सांगाक गावाचा नाय," आनंदीवयनी ताराला म्हणाली.

ताराने टोपलीतून सुरमईचा मोठा तुकडा उचलला आणि आमच्या पिशवीत टाकला. "ह्यो वरचो. माझ्याकडसून. आता सांग."

आनंदीवयनीने तुकडा पिशवीतून काढला आणि परत टोपलीत ठेवला. "अख्खी सुरमय दिलंस तरी सांगूचंय नाय."

"म्हणजे तुका म्हायती आसा!"

आनंदीवयनीने पदर खांद्यावर नीट घेतला आणि पलीकडच्या रांगेतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवशीक म्हायती नसतली तर कोणाक आसतली?"

मग बांगड्यांची पिशवी उचलून ती चालू लागली. अशी ताठ चालताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. एस्टीच्या थांब्यापर्यंत तशीच गेली. थांब्यावर आल्यावर मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते बघितलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं,

"शालू, ती सून खराच घर सोडतली काय गो?"